वर्धा रोडवरच्या त्या तिघांचे आभार

रविवारी सकाळी बुटीबोरीकडून नागपुरात शिरताना मला हात दाखवून थांबवणाऱ्या ट्रॅफिक हवालदार साहेबांचे आधी आभार. स्पीडगनवर ९४ दिसत होते. चूक सरळसरळ माझी, तरी तोंड गप्प बसेल तर ना! "साहेब, समृद्धीवर तर १२० चालते."

"हे समृद्धी आहे का भाऊ?"

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली, म्हणजे जास्त वेगासाठी, ई-चलान झाले. कागदपत्रे मोबाईलवर डिजीलॉकरमध्ये दाखवली, ती त्यांनी चालवून घेतली. (मी मनातल्या मनात पाचशेची नोट काढायची की नाही, याचा हिशोब करत होतो. लाज वाटते आता.) मग ते गाडीभोवती फिरले, खाली वाकले आणि पुढच्या डाव्या टायरवरून बोट फिरवून म्हणाले, "इकडे या." रबर झिजून आतली तार बाहेर आली होती. त्याच रात्री मी सहकुटुंब समृद्धीने शिर्डीला निघणार होतो. सिमेंटच्या त्या रस्त्यावर टायर किती तापतात, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या जॅकला दांडाच नव्हता. शेजारच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावरच्या काकांनी गिऱ्हाईक सोडून कोणाचा तरी दांडा आणून दिला. पोहे खाणाऱ्या एका कॉलेजच्या पोराने स्टेपनी बसवली. नाव विचारले तर "राहू द्या ना काका" म्हणून गाडीला किक मारून गेला.

चलान त्याच दिवशी भरले. दोन टायर नवीन घेतले. ठेल्यावर परवा जाऊन आलो, काकांनी पोह्यावर तर्री जास्तच ओतली.