ठेव मोडू नका, आधी स्टिअरिंग धरतो

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय. येत्या एक तारखेपासून मी दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून रुजू होतोय. सही झाली आहे. स्वतःची गाडी दोन वर्षांनंतर. बाबा, माझ्या गाडीसाठी बँकेतली ठेव मोडायचा अर्ज दिला असेल तर आधी तो मागे घ्या. ते पैसे तुमच्या डोळ्यांसाठी आणि आईच्या गुडघ्यांसाठी आहेत. मला नको आहेत असं नाही, आत्ता नको आहेत.

‘एवढं शिकून ड्रायव्हर?’ असं तुम्ही म्हणणार नाही, पण मनात येईलच. गाडी घेणं अवघड नाही हो, कर्ज मिळतं. तिला कमावती ठेवणं अवघड. महिन्याला 10,000 किलोमीटर धावणारा ट्रक लिटरला 4 ऐवजी 3.5 किलोमीटर देऊ लागला, तर 357 लिटर डिझेल जादा जातं. मालकाला आकडा दिसतो, कारण दिसत नाही. टायरची हवा कमी होती, एअर फिल्टर चोंदला होता, ब्रेक पूर्ण न सुटल्यामुळे चाक घासत होतं, की कुणी डिझेल काढून घेतलं? तीच गाडी भरल्या मालानिशी चढावर ओढलेल्या माणसाला यातलं बरंच अंगानेच कळतं. बाकीच्यांचं उंटावरून शेळ्या हाकणं. काकांच्या तीन गाड्या कशा गेल्या ते बाबांना मी काय सांगायचं!

भाड्याचंही तसंच. 400 किलोमीटर माल नेला आणि रिकामा परत आलो, तर खर्च 800 किलोमीटरचा. तो धरून भाडं ठरवलं नाही तर गाडी पळत राहते आणि हप्ता थकतो. त्यात डिझेल रोखीनं आणि भाड्याचे पैसे दीड-दोन महिन्यांनी. म्हणून गाडीच्या पहिल्या रकमेखेरीज तीन महिन्यांचा चालू खर्च वेगळा साठल्याशिवाय गाडी घ्यायची नाही, असं ठरवलंय. कोणती पार्टी पैसे वेळेवर देते आणि कोणत्या गोदामात गाडी दोन-दोन दिवस उभी राहते, हे पगारावर असताना फुकट शिकता येतं.

आई, तुझा जीव घाटात अडकणार, माहीत आहे. तर ऐक. उतारावर सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर टाकायचा नसतो. तो सतत दाबून ठेवला की लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे पट्टे, तापतात आणि पकड जाते. म्हणून उतार लागायच्या आधी, माथ्यावरच, खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनानं गाडी धरायची. वेग वाढलाच तर ब्रेक नीट दाबून तो उतरवायचा आणि पाय काढायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे असतात. त्यांच्यात मी नाही.

रोज निघण्याआधी वीस मिनिटं गाडीभोवती फिरणार. ब्रेकसाठी हवा साठवणाऱ्या एअर टँकमधलं पाणी सोडायचं, हवा गळत नाही ना ते ऐकायचं. मागच्या जोडटायरांपैकी एक बसला तरी दुसरा भार उचलतो, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. बसलेला मात्र तापून फुटतो. म्हणून टायर थंड असतानाच गेज लावून हवा बघायची, दोन टायरांमध्ये दगड अडकलेला नाही ना तेही बघायचं. चाक बदललं असेल तर पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. हे कंटाळवाणं आहे आणि याच कंटाळ्यापायी अपघात होतात.

झोपायला सीटच्या मागे पुरेशी लांब जागा आहे, पाय मुडपावे लागणार नाहीत. अंथरूण, पांघरूण, पाण्याचा कॅन, सगळं सोबत. साडेचार तास चालवलं की पाऊण तास गाडी उभी. पहाटे दोन ते पाच डोळा सर्वात जड होतो, त्या वेळेत शक्यतो चालवणार नाही. डुलकी आलीच तर खिडकी उघडून किंवा गाणी लावून ती जात नाही. बाजूला थांबून वीस मिनिटं झोपणं हाच उपाय. अंधाराला घाबरून तुझा पदर न सोडणारा मुलगा रात्री हेडलाइटमागे बसणार, याचं हसू येतंय ना? मलाही येतंय.

आता तुमचं. बाबा, रक्तदाबाची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. डोळ्यांची तारीख पुढे ढकलायची नाही. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, खालच्या काकूंच्या मुलाला हाक मार. मी फोन उचलला नाही तर गाडी चालू आहे असं समजा आणि लागोपाठ करू नका. रात्री नऊच्या आसपास, गाडी लावून, मीच करेन. रागावून लिहीत नाही, काळजीनं लिहितोय.

आणि बाबा, कपाटातली ती निळी वही मी न विचारता घेतली आहे. तुमचा हिशेब जिथे थांबलाय त्याच्या पुढच्या पानापासून तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहीन. चालेल ना?

तुमचा,
बाळू