मॉनिटर भंगारात देण्याआधी केबल बदलून पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. २२ वर्षे हे काम करते आहे, त्यातली बरीचशी घरूनच. दिवसाचे आठ-नऊ तास माझे डोळे मॉनिटरवर असतात. नवा मॉनिटर घेताना काय पाहावे, हे आपल्या पुरवणीत अधूनमधून छापून येते. घरातला मॉनिटर खरोखरच बिघडला आहे का, हे कसे ओळखावे, यावर मात्र माझ्या वाचनात काही आलेले नाही. तेवढी माहिती नसल्यामुळे मी एक धडधाकट मॉनिटर भंगारात घातला, म्हणून हे पत्र.

झाले असे. एका पुस्तकाची शेवटची प्रत तपासत असताना पडदा एकाएकी काळा झाला आणि तीन-चार सेकंदांनी परत आला. पुढच्या तासाभरात असे पाच-सहा वेळा झाले. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतले आणि सांगितले, ‘‘पॅनल जातंय, नवीनच घ्या.’’ काम अडले होते, मी नवा घेतला. नव्याच्या खोक्यात नवी केबल होती. पण जुनी केबल टेबलामागून नीट ओढून घेतलेली असल्याने मी तीच लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी नवा पडदाही काळा झाला. तेव्हा टेबल पुढे ओढले. भिंत आणि टेबलाची कड यांच्यात केबल चेपून तिला घडी पडली होती. खोक्यातली केबल जोडली आणि ते काळे होणे थांबले. तोवर जुना मॉनिटर गेला होता. तो फ्लुरोसंट नळ्यांच्या प्रकाशावर चालणारा होता आणि त्या नळ्यांत थोडा पारा असतो, हेही मला नंतर कळले. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, ही माझी तक्रार आहे.

विचारायला हवे होते असे प्रश्न अवघड नाहीत. दोष मॉनिटरचा, केबलचा की संगणकाचा, एवढेच आधी वेगळे करायचे असते. मॉनिटर चालू ठेवून त्याची चित्राची केबल काढावी. पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी उमटली, तर पडदा आणि त्यामागचा प्रकाश जिवंत आहे. मग मॉनिटरचे स्वतःचे बटण दाबून त्याचा मेनू उघडावा. हा मेनू मॉनिटर स्वतःच तयार करतो, संगणकाचा त्याच्याशी संबंध नसतो. मेनूवरूनही रेघा जात असतील तर दोष मॉनिटरमध्ये. मेनू स्वच्छ आणि बाकीचे चित्र खराब असेल तर केबलकडे किंवा संगणकाकडे वळावे. याच मेनूत ‘इनपुट’ही पाहून घ्यावे. एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट हे चित्राच्या केबलचे दोन प्रकार. केबल एचडीएमआयची आणि निवड डिस्प्ले पोर्टची असेल, तर सगळे ठीक असूनही पडदा काळाच राहतो.

मला सर्वांत आवडलेली परीक्षा स्क्रीनशॉटची. पडद्यावर रेघा, ठिपके किंवा विचित्र रंग दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो फोनवर पाठवून तिथे पाहावा. मोबाइलने पडद्याचा फोटो काढून हे काम होत नाही, स्क्रीनशॉटच हवा. त्यात रेघा दिसल्या तर चित्र संगणकातच बिघडते आहे, म्हणजे मॉनिटर निर्दोष. त्यात रेघा नसतील तर मॉनिटर, केबल आणि ग्राफिक्स कार्डाची (संगणकात चित्र तयार करणाऱ्या भागाची) बाहेर चित्र पाठवणारी बाजू, एवढेच संशयित उरतात. मग दुसरी केबल लावून पाहावी, शक्य असेल तर तोच मॉनिटर एखाद्या लॅपटॉपला जोडून पाहावा. पंधरा मिनिटांत उत्तर मिळते.

पडदा पूर्ण काळा, पण मॉनिटरचा छोटा दिवा लागलेला आणि संगणक चालू असल्याचा आवाज येतो आहे, अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. अंधुक चित्र दिसले तर चित्र येते आहे, मागचा प्रकाश गेला आहे. हा दोष दुरुस्त होऊ शकतो आणि दुरुस्तीवाल्याला नेमके हेच सांगितले तर त्याचा आणि आपला वेळ वाचतो. आपण स्वतः मात्र मॉनिटर उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या वीजपुरवठ्याच्या कॅपॅसिटरमध्ये भार साठून राहतो. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये तर हजारो व्होल्ट असतात.

केबलबद्दल आणखी थोडे. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल १९८७ पासून आहे आणि अजूनही अनेक घरांत चालते. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा हे रंग वेगवेगळ्या पिनांतून जातात. हिरव्याची पिन वाकली की पांढरा कागद गुलाबी-जांभळा दिसतो, निळ्याची वाकली की पिवळा. १५ पैकी नववी पिन पुष्कळदा मुळातच नसते, तेव्हा ती मोकळी जागा पाहून घाबरू नये. एचडीएमआय केबल कमजोर झाली की रंग असा एकसारखा बदलत नाही. बहुधा पडद्यावर चमचमते ठिपके येतात किंवा माझ्याकडे झाला तसा पडदा मध्येच काळा होतो. केबल जोडण्याची जागाही पाहावी. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्याच खाचेत हवी. सफाईनंतर ती चुकून मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य पट्टीच्या) खाचेत जाते आणि बहुतेक वेळा पडद्यावर काहीच उमटत नाही.

विंडोज असेल तर दोन कळजोड कागदावर लिहून टेबलाशी चिकटवावेत, कारण पडदा काळा असताना ते शोधणार कुठे? विंडोज आणि पी दाबले की चित्र कोणत्या पडद्यावर पाठवायचे ते बदलते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबले की ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. उघडलेली कामे बंद होत नाहीत.

माझ्या व्यवसायातल्या लोकांना एक गोष्ट आग्रहाने सांगते. अक्षरे पुसट दिसली की चष्म्याचा नंबर वाढला असे समजण्याआधी रेझोल्यूशन, म्हणजे चित्र किती बिंदूंत दाखवले जाते, ते पाहा. १९२० बाय १०८० बिंदूंचा मॉनिटर त्याहून कमीवर चालवला तर एकेका बिंदूचे काम शेजारच्यांत वाटले जाते आणि उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ ओळखू येईनासा होतो. अक्षर मोठे हवे असेल तर रेझोल्यूशन तसेच ठेवून सेटिंगमधले ‘स्केल’ वाढवावे. तसेच ठिपक्यांचे. माझ्या नव्या मॉनिटरवर ‘पाने’ या शब्दावर मला जुन्या वळणाचा अनुस्वार दिसला, मी तो काढण्याची खूणही केली. पान वर सरकवले तेव्हा अनुस्वार तिथेच राहिला, खाली दुसरा शब्द आला. तो मेलेला बिंदू होता. एकाच रंगात अडकलेला बिंदू कधीकधी आपोआप सुटतो, पण असा काळा बिंदू सहसा परत येत नाही. असे दोन-चार बिंदू असले तरी बऱ्याच कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत. म्हणून घेतल्या दिवशीच पांढऱ्या, काळ्या, लाल, हिरव्या आणि निळ्या कोऱ्या पानावर पडदा नीट पाहून घ्यावा.

एक कोडे नव्या केबलनंतरही उरले होते. थंडीच्या कोरड्या दिवसांत मी खुर्चीवरून उठले की पडदा क्षणभर जाई. बसून काम करताना कधीच नाही. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीतून उठताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते आणि तिचा धक्का केबलला जाणवतो, हे मला पुष्कळ शोधल्यावर समजले. केबल आखूड घेतली, खुर्चीपासून लांब नेली. आता तसे होत नाही. हे कळले नसते तर मी दुसराही मॉनिटर बदलला असता.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. मॉनिटर विकणाऱ्या कंपन्यांनी खोक्यात वाचता येईल एवढ्या अक्षरांत, मराठीत, या तपासण्यांचे एक पान घालावे, असे आपण लिहावे. आणि पुरवणीत खरेदीच्या मजकुराशेजारी दुरुस्तीपूर्व तपासणीची एक चौकट सुरू करावी, मॉनिटरनंतर प्रिंटर, मग राउटर. त्या चौकटीचे मुद्रितशोधन मी विनामोबदला करून देईन; मजकूर आदल्या रात्री मिळाला तरी चालेल.

आपली,
एक मुद्रितशोधक