तारीख, आठवडे आणि तुझं तिकीट

ती. आई,
सा. न.

फोनवर तू रोज विचारतेस, "कशी आहे ती?" आणि मी रोज "मजेत" म्हणून मोकळा होतो. मग बाबा फोन घेतात, आवाज तुटायला लागतो आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसलोय.

आधी तुझा ठरलेला प्रश्न, कितवा महिना? खरं सांगायचं तर आम्हालाही पटकन सांगता येत नाही. इथे सगळे आठवड्यांत बोलतात. काल एकतिसावा संपला. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात कुणी नसतंच, तरी हिशेबात धरायचे. (हे तुला लिहिताना पूर्वी मी कानकोंडा झालो असतो. आता सुटलो.) त्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की तारीख निघते, एकूण २८० दिवस. तुमच्या "नऊ महिने नऊ दिवसां"त आणि डॉक्टरांच्या गणितात फक्त दोन दिवसांचा फरक! हे वाचून तू बाबांकडे कशी बघशील ते मला इथून दिसतंय.

तपासणीला गेलं की नर्सबाई शिंप्यासारखी टेप काढून पोट मोजतात. या दिवसांत जितके आठवडे, साधारण तितकेच सेंटिमीटर भरतात, एकदोन इकडेतिकडे. गेल्या खेपेला तीस आठवडे आणि टेपवर एकोणतीस. त्यांनी "छान" म्हणून वहीत लिहिलं आणि विषय संपवला. मी मात्र घरी येईपर्यंत त्या एका सेंटिमीटरचाच विचार करत होतो. तुझी सून गाडीत झोपली होती.

साखरेच्या तपासणीचं तुला सांगितलंच नव्हतं. उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तास तिथेच बसून राहायचं. पहिल्या वेळी अर्ध्या तासात सगळं बाहेर. पुढच्या आठवड्यात पुन्हा उपास, पुन्हा ते पाणी. आकडे चांगले आले, म्हणून आता लिहितोय.

झोपेचं म्हणशील, तर तिच्यापेक्षा माझीच उडाली आहे. अठ्ठावीस आठवड्यांनंतर तिला कुशीवर झोपायला सांगितलंय, कारण पाठीवर झोपलं की पोटाचा भार आतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. एका रात्री दोन वाजता बघतो तर ही पाठीवर! मी हलवून उठवलं. ती शांतपणे म्हणाली, "जाग आली की कूस बदला, असं डॉक्टर म्हणाले होते. नवऱ्याने जाग आणा, असं नाही म्हणाले." तेव्हापासून मी गप्प पडून बघत असतो.

आता जे फोनवर जमलं नाही ते.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी बाळाची हालचाल कमी वाटली. एरवी ही चालत असते तोवर स्वारी झोपलेली असते आणि ही आडवी झाली की जागी होते. त्या दिवशी आडवी होऊन तास झाला, तरी जेमतेम एकदा. आम्हाला आधीच बजावलं होतं की अमुक इतक्या लाथा असा पक्का आकडा नसतो. आपल्या बाळाची रीत ओळखायची, आणि ती बदलली वाटली तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. केला. लगेच या म्हणाले. पोटाला पट्टे बांधून यंत्र लावलं आणि ठोके ऐकू आले, मिनिटाला एकशे चाळीसच्या आसपास. ११० ते १६० चालतात, हे मला पाठ आहे. तरी त्या बाईंच्या तोंडून ऐकेपर्यंत मी खुर्चीचा हात सोडला नाही. अर्धा तास आलेख निघत राहिला, आणि पंधराव्या मिनिटाला बाळाने अशी लाथ मारली की पट्टा सरकला. दोन वाजता घरी आलो. सकाळी तुझा फोन आला आणि मी म्हणालो, "मजेत."

रागावू नकोस. बाबांचं बीपी वाढलं होतं तेव्हा पंधरा दिवस तूही मला "मजेत"च सांगत होतीस.

पण त्या रात्री गाडी चालवताना तुझ्या येण्याचा विचार केला. तू तारखेच्या दोन दिवस आधी पोचायचं म्हणतेस. आई, ती तारीख म्हणजे मुहूर्त नव्हे. नेमक्या त्या दिवशी वीसातलं एखादंच बाळ येतं. सदतीस आठवडे झाले की कधीही होऊ शकतं, आणि पहिलटकरणीला वर आठवडाभर लागला तरी कुणी दचकत नाही. तू आधी आलीस तर रोज सकाळी आपण तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसू. आणि माझी रजा बाळंतपणानंतर दोनच आठवडे आहे. ती संपली की दिवसभर ही एकटी, रात्रीची जागरणं अंगावर, हातात ते एवढंसं. तेव्हा तू हवीस. तर बाळ पंधरा दिवसांचं झाल्यावर ये, आणि आलीस की तीन महिने राहा. हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. सुनेने मला पढवलं, असं मनात आणू नकोस. उलट तुला हे सांगायला तीच घाबरत होती.

तारीख बदलता येईल असंच तिकीट काढ. डांग्या खोकल्याची लस निघायच्या निदान दोन आठवडे आधी घ्यायला हवी, बाबा येणार असतील तर त्यांनीही. तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेव. हिने तिची घेतली.

आणि फोनवर एवढं ओरडून बोलू नकोस. बाळाला आता बाहेरचं ऐकू येतं. तुझा फोन स्पीकरवर असला की आत धांदल उडते.

बाबांना नमस्कार.

तुझा,
बाळ्या (हे नाव आता लवकरच सोडावं लागणार)

ता. क. तिला वाकता येत नाही, म्हणून सकाळी तिचे मोजे मी घालतो. हे मावशीला सांगू नकोस.