शंभर रुपयांचे पेट्रोल किती किलोमीटर?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. आशा सेविका, शिक्षक, तेंदूपत्त्याच्या फळीवर (संकलन केंद्रावर) जाणारे मजूर, रुग्णाला मागे बसवून दवाखाना गाठणारे नातेवाईक असे सगळेच तिच्यावर विसंबून असतात, कारण एसटीच्या फेऱ्या मोजक्या आणि पावसाळ्यात त्यांचाही भरवसा नसतो. अशा भागात दोन गावांच्या मधोमध, जंगलात, मोबाइलला नेटवर्क नसलेल्या ठिकाणी पेट्रोल संपले, तर ती साधी गैरसोय राहत नाही. गाडी ढकलत नेणारी माणसे या रस्त्यांवर नेहमी दिसतात आणि त्यांतले बहुतेक जण दोष नशिबाला किंवा गाडीला देतात. टाकलेल्या पेट्रोलवर आपली गाडी किती दूर जाईल, याचा हिशेब आपल्याला कोणी शिकवलेलाच नाही, हे माझ्या मते त्यामागचे खरे कारण आहे, आणि तो हिशेब मुळीच अवघड नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत टाकी किती लिटरची आहे ते दिलेले असते आणि टाकी फुल केली की गाडी इतके किलोमीटर चालते, असा हिशेब त्यावरून मांडला जातो. आपल्याकडे टाकी फुल करणारे थोडे. बाजाराच्या दिवशी हातात पैसा येतो, त्यातून शंभराचे किंवा दोनशेचे पेट्रोल टाकले जाते आणि ते संपत आले की पुन्हा तेवढेच. तेव्हा शंभर रुपयांत गाडी किती चालते, हाच आपल्यासाठी कामाचा प्रश्न आहे. पेट्रोलचा दर लिटरला शंभराच्या वर गेल्यापासून शंभराच्या नोटेत पूर्ण लिटरही येत नाही. दर १०५ रुपये धरला आणि ओझे लादून खराब रस्त्यावर चालणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला लिटरमागे ४५ किलोमीटर धरले, तर शंभर रुपयांत ४३ किलोमीटरच्या आसपास मिळतात. तोंडी हिशेबाला सोपे जावे आणि थोडे हाताशी राहावे म्हणून चाळीसच धरावेत. आलापल्ली ते भामरागड हे अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १३०, आणि त्याला किमान सव्वातीनशे रुपयांचे पेट्रोल हवे. रिकाम्यासारख्या टाकीत दोनशे रुपये टाकून सकाळी निघालेला माणूस भामरागडला व्यवस्थित पोहोचतो, आपले काम उरकतो आणि परतीला पंधरा-वीस किलोमीटरवर, दिवस मावळताना, रस्त्यात उभा राहतो. त्याच्या गाडीत काही बिघाड नसतो. त्याने जाण्याचे अंतर मोजलेले असते, येण्याचे मोजलेले नसते. पोहोचलेल्या ठिकाणी पेट्रोल मिळाले तर उत्तमच, पण ते मिळेलच असे धरून निघू नये, कारण भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद झाला की टँकरही नदीच्या अलीकडेच अडकतो. पावसाळ्यात तर पुलावर पाणी आले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरावे लागते किंवा फेरा घालून जावे लागते, तेवढ्यासाठी आणखी शंभर रुपयांचे पेट्रोल टाकीत असलेले बरे. आलापल्लीहून सिरोंच्याला जाणाऱ्यांनी तर हा हिशेब केल्याशिवाय गाडीला किक मारू नये, कारण तिथे एका बाजूचेच अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे.

वर धरलेले ४५ हे उदाहरणापुरते आहेत. आपल्या गाडीचे ॲव्हरेज प्रत्येकाने स्वतः काढावे. जाहिरातीतला आकडा खोटा असतो असे मी म्हणणार नाही, परंतु तो आपल्या रस्त्याचा नसतो. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चढवून, वेगाच्या ठरलेल्या क्रमाने घेतली जाते. तिथे खड्डे नसतात, चढ नसतो आणि मागे माणूसही बसलेला नसतो. रोवणीच्या दिवसांत त्याच गाडीवर दोन माणसे आणि मध्ये ४५ किलोची युरियाची बॅग असते, मडगार्डमध्ये चिखल बसलेला असतो, खड्डे चुकवताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही आणि क्लच अर्धा दाबलेलाच राहतो. टायरमध्ये हवा कमी असणे, एअर फिल्टर धुळीने बुजणे, चेन कोरडी पडणे आणि ब्रेक चाकाला घासत राहणे ही प्रत्येक गोष्ट थोडेथोडे पेट्रोल खाते. रस्ता चांगला लागला की तरुण मुले वेग वाढवून राहिलेले नुकसान करतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ४० चा वेग ८० केला की तो चौपट होतो. पेट्रोल कमी असेल तेव्हा ४० ते ५० च्या वेगाने, वरच्या गिअरमध्ये, एकसारखी गाडी चालवणे हाच उपाय आहे.

ॲव्हरेज काढण्याची नेहमीची रीत म्हणजे टाकी एका खुणेपर्यंत भरायची, मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरताना किती लिटर लागले त्याने चाललेल्या किलोमीटरांना भागायचे. टाकी फुल करणे परवडत नसेल आणि गाडी जुनी, कॉकवाली, म्हणजे टाकीखाली 'ऑन' आणि 'रिझर्व्ह' असा पेट्रोलचा खटका असलेली असेल, तर दुसरी रीत आहे. गाडी रिझर्व्हला लागली, म्हणजे 'ऑन'वरचे पेट्रोल संपून कॉक राखीव साठ्यावर न्यावा लागला, की मीटर पाहून ठेवावा, पंपावर जाऊन नेमके दोन लिटर टाकावे, म्हणजे रुपये न सांगता लिटर सांगावे, कॉक पुन्हा 'ऑन'वर आणावा आणि गाडी पुन्हा रिझर्व्हला लागेपर्यंत नेहमीसारखी चालवावी. दोन रिझर्व्हच्या मधल्या किलोमीटरांना दोनाने भागले की ॲव्हरेज निघते आणि गाडी मध्येच बंद पडत नाही, कारण रिझर्व्हचे पेट्रोल हाताशी असते. फक्त ते किलोमीटर रिझर्व्हला लागल्यापासून न मोजता पेट्रोल टाकल्यापासून मोजले, तर पंपापर्यंत जाताना जळलेले पेट्रोलही भरून निघावे लागते आणि आकडा थोडा कमी येतो. सावधगिरीच्या हिशेबाला तो कमी आकडाच चांगला. ही मोजणी उन्हाळ्यात एकदा आणि भर पावसाळ्यात एकदा करावी व दोहोंतला लहान आकडा धरून चालावे. यासाठी मीटर चालू हवा. कितीतरी जुन्या गाड्यांच्या मीटरची केबल तुटलेली असते आणि मालक तशीच गाडी चालवत राहतो; ती किरकोळ खर्चाची केबल बदलून घेणे मला टायर बदलण्याइतकेच गरजेचे वाटते.

पेट्रोलच्या काट्यावर मात्र फार विसंबू नये. टाकीत एक तरंगता गोळा असतो, तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो आणि त्यावरून काटा हलतो. गाडी साइड स्टँडवर तिरकी असेल किंवा चढावर उभी असेल, तर तो चुकीचे दाखवतो. शिवाय टाकी वर रुंद आणि खाली निमुळती असल्याने काटा पहिल्या अर्ध्यात सावकाश आणि दुसऱ्या अर्ध्यात भरभर उतरतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मोटारसायकलची टाकी बैलाच्या पाठीवर टाकलेल्या गोणीसारखी फ्रेमच्या दोन्ही अंगांना उतरलेली असते, त्यामुळे कॉक ज्या बाजूला आहे त्याच्या पलीकडच्या कप्प्यात थोडे पेट्रोल अडकून राहते. जुनी गाडी रिझर्व्हवरही बंद पडली, तर इंजिन बंद ठेवून आणि टाकीचे झाकण घट्ट आहे हे पाहून गाडी कॉकच्या बाजूला चांगली कलवावी. ते पेट्रोल इकडे येते आणि पुढचे गाव गाठण्यापुरते काही अंतर निघते. रिझर्व्हमध्ये साधारण एक ते दीड लिटर असते. पेट्रोल टाकल्यावर कॉक 'ऑन'वर आणायला विसरणे ही या बाबतीतली सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण मग पुढच्या वेळी गाडी कोणतीही सूचना न देता थेट कोरडी होते.

१ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराबाबतचे बीएस-६ नियम आले आणि त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. या गाड्यांत रिझर्व्हचा कॉक नसतो. दिवा लागतो किंवा शेवटची पट्टी लुकलुकते, तीच सूचना. यात इंजिनाला पेट्रोल पुरवणारा छोटा पंप बहुधा टाकीच्या आत असतो आणि तो पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून दिवा लागल्यावरही रोज गाडी चालवत राहिल्यास तो लवकर खराब होण्याची शक्यता असते. गाडी कोरडी पडलीच, तर पेट्रोल टाकल्यावर चावी दोन-तीन वेळा चालू-बंद करून दर वेळी काही क्षण थांबावे, म्हणजे पेट्रोल नळीत चढते, आणि मगच स्टार्टर दाबावा.

ॲव्हरेज कमी झाले की हल्ली सगळा दोष इथेनॉलला दिला जातो. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, हे खरे आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घटीचा अंदाज दिला होता. ही घट हिशेबात धरावीच, पण पंचेचाळीसचे पस्तीस झाले असतील तर कारण गाडीत किंवा चालवण्याच्या पद्धतीत शोधावे. पावसाळ्यात मात्र इथेनॉलचा वेगळा त्रास होतो. ते पाणी ओढून घेते आणि झाकणातून पाणी फार शिरले, तर पाणी व इथेनॉल मिळून तळाशी बसतात. टाकीत पेट्रोल असूनही गाडी बंद पडते आणि ते संपले असे वाटते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या झाकणाचे रबर म्हणून वेळीच बदलावे.

गावातल्या दुकानांत बाटलीतून मिळणाऱ्या पेट्रोलने अनेकांची वेळ निभावली आहे आणि त्या दुकानदारांबद्दल माझ्या मनात राग नाही. तरीही परवान्याशिवाय पेट्रोल विकणे १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने चालत नाही. विक्रीसाठी नसलेले थोडे पेट्रोल जवळ ठेवण्यास हा कायदा मुभा देतो, पण ते काचेच्या किंवा चिनी मातीच्या, एक लिटरपर्यंतच्या, अथवा धातूच्या, पंचवीस लिटरपर्यंतच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात असावे लागते. पाण्याची प्लास्टिकची बाटली त्यात बसत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात अशी बाटली घरात चुलीजवळ किंवा गाडीला बांधून ठेवणे सरळसरळ जिवाशी खेळ आहे.

या सगळ्यानंतर एक गोष्ट नागरिकांच्या हातात उरत नाही, ती म्हणजे पुढचा पंप किती दूर आहे हे कळणे. बाहेरगावाहून आलेला शिक्षक, बदली होऊन आलेली परिचारिका किंवा औषधे पोहोचवणारा मुलगा यांना ते कसे माहीत असणार? सार्वजनिक बांधकाम विभाग आणि तेल कंपन्यांनी मिळून जंगलातल्या प्रत्येक लांब रस्त्याच्या तोंडाशी आणि त्याआधीच्या शेवटच्या पंपावर 'पुढील पेट्रोल पंप अमुक कि.मी.' असा मोठा फलक लावावा, त्यावर पंप रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो तेही लिहावे, आणि एखादा पंप बंद पडला तर तो फलक त्याच आठवड्यात बदलावा. घाटातल्या वळणाच्या पाट्यांइतकाच हा खर्च आहे. गाडी विकणाऱ्या दुकानदारांनीही चावी हातात देताना रिझर्व्ह, दिवा आणि ॲव्हरेज काढण्याची रीत ग्राहकाला मराठीत किंवा माडियात समजावून सांगावी. आज तिथे हप्त्यांचे कागद सोडून फारसे काही सांगितले जात नाही.

आपल्या वृत्तपत्राने जून लागण्यापूर्वी जिल्ह्यातील पंपांची गावे आणि त्यांच्यामधली अंतरे एका चौकटीत छापली, तर ती कातरून किराणा दुकानांत, शाळांत आणि आरोग्य उपकेंद्रांत लावण्याचे काम आम्ही आमच्या परिसरात आनंदाने करू.

आपला नम्र,
एक वाचक, ता. अहेरी, जि. गडचिरोली