सर्व्हरच्या नावावर विसंबू नका

मा. संपादक,

जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांनी, दूध संस्थांनी आणि पतसंस्थांनी आपल्या जुन्या वेब सेवा क्लाऊडवर हलवताना डेटाबेसची जेवढी काळजी घ्यावी तेवढीच कोडमधल्या एका ओळीची घ्यावी. आपण चाचणीच्या सर्व्हरवर आहोत की खऱ्या, हे ओळखणारी ती ओळ.

जुन्या सेवांत ही ओळ बहुधा मशीनचे नाव तपासते. नाव ‘प्रॉड’ने सुरू झाले तर खरा सर्व्हर, नाहीतर चाचणीचा. ऑफिसच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे एकच मशीन होते तोवर हे खपून गेले. क्लाऊडवर सेवा ज्या डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र डब्यात, चालते त्याला मात्र वेगळे नाव दिले नाही, तर त्याच्या आयडीची पहिली १२ अक्षरे हेच होस्टनेम (मशीनचे नाव) होते आणि नवा कंटेनर उभा राहिला की तेही बदलते. ‘प्रॉड’ सापडत नाही, सेवा स्वतःला चाचणीची समजते आणि ऊस वजनाचे एसएमएस शेतकऱ्याला न जाता लॉगमध्ये पडून राहतात. एरर आली असती तर बरे, तीही येत नाही.

दुसरी सवय याहून घातक. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉट नेट या प्रोग्रामिंग चौकटीत ‘इज लोकल’ पाहून विनंती त्याच मशीनवरून आली का हे ठरवतात आणि आली असेल तर लॉगिनशिवाय तपासणीचे पान उघडतात. त्याच मशीनवर पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आधी स्वतः घेऊन सेवेकडे पोचवणारा प्रोग्राम) बसवली की प्रत्येक विनंती १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच मशीनवरून, आलेली दिसते. म्हणजे सगळे जग घरचे! खरा पत्ता विनंतीसोबत येणाऱ्या ‘एक्स फॉरवर्डेड फॉर’ या हेडरमध्ये मिळतो, पण तो हेडर कुणीही बनवून पाठवू शकतो. आपल्या प्रॉक्सीकडून आला असेल तरच तो मानावा.

सेवेला अंदाज बांधायला न लावता ती खरी की चाचणीची हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर, मशीनवर ठेवलेल्या सेटिंगमधून) स्पष्ट सांगावे. त्यातही गोम आहे. डॉट नेटच्या नव्या ‘एएसपी डॉट नेट कोअर’ला काहीच सांगितले नाही तर ते ‘प्रॉडक्शन’ (खरा सर्व्हर) धरून चालते. चाचणीच्या मशीनवर कुणी विसरले की खरी सेटिंग लागू. लिनक्सवर ‘प्रॉडक्शन’चे पहिले अक्षर कॅपिटलऐवजी स्मॉल पडले, तर त्या नावाची सेटिंगची फाईल सापडत नाही आणि ती ऐच्छिक असल्याने गुपचूप वगळली जाते. म्हणून ठरवलेल्या दोन-तीन नावांखेरीज दुसरे काही आले, किंवा काहीच आले नाही, तर सेवा सुरूच होऊ नये. डेटाबेसमध्येही ‘खरा’ की ‘चाचणी’ एवढे सांगणारी एका ओळीची टेबल ठेवावी आणि सुरू होताना दोन्ही जुळवावे.

वेळेचेही तसेच. क्लाऊडचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. कारखान्याचा वजनकाटा रात्रभर चालू असतो. रात्री १२ ते पहाटे साडेपाचपर्यंतच्या वजन पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. विंडोजवर टाइमझोनचे नाव ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’, लिनक्सवर ‘एशिया/कोलकाता’. जुन्या डॉट नेटमधून आलेल्या कोडमध्ये हेही तपासावे लागते.

संस्थांनी वर्क ऑर्डरमध्येच लिहावे: व्हेरिएबलमध्ये मुद्दाम चुकीचे नाव घालून सेवा सुरू करून दाखवावी. ती सुरू झाली, तर बिल अडवून ठेवावे.

– वेब सेवा सांभाळणारे काही तंत्रज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर