समईच्या ज्योतीजवळ जाळीचा घागरा नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की गोव्यातल्या शाळांची स्नेहसंमेलने सुरू होतात. कार्यक्रमपत्रिकेत एखादे तरी परीनृत्य किंवा बॅले असतेच. पुढे कार्निव्हलच्या चित्ररथांवरही पांढऱ्या-गुलाबी जाळीचे घागरे घातलेल्या मुली दिसतात. या घागऱ्याला आता सगळेच 'टुटू' म्हणू लागले आहेत. नाव कोणी काहीही द्यावे, आमची तक्रार त्याबद्दल नाही. हे पत्र लिहिण्याचे कारण असे की दीपप्रज्वलनाची समई बऱ्याचदा विंगेच्या तोंडाशीच तेवत राहते आणि तिच्या हातभर अंतरावरून या मुली रंगमंचावर ये-जा करतात. ज्या वस्त्राची ही नक्कल आहे, त्याने आगीपायी बळी घेतलेले आहेत. पालक, शिक्षक आणि शिंपी या तिघांनाही तो इतिहास ठाऊक असायला हवा.

बॅलेचा पोशाख अगदी सुरुवातीला दरबारी होता, जड आणि भरजरी. अठराव्या शतकात पॅरिसच्या मारी कामार्गोने पायांचे काम दिसावे म्हणून घागरा घोट्याच्या वर घेतला. १७३४ मध्ये लंडनमध्ये मारी साले साध्या मलमलीच्या वस्त्रात नाचली. ज्याला आपण आज 'रोमँटिक' घागरा म्हणतो तो मात्र १२ मार्च १८३२ या दिवसाशी जोडलेला आहे. त्या दिवशी पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फीद' हे बॅले पहिल्यांदा झाले. नृत्यरचना फिलिप्पो ताग्लिओनीची, प्रमुख नर्तिका त्याचीच मुलगी मारी, आणि पोशाखाचे श्रेय युजेन लामी या चित्रकाराला दिले जाते. अंगाला घट्ट चोळी, उघडे खांदे, पाठीवर लहानसे पंख, आणि कमरेपासून पोटरीच्या मध्यापर्यंत घंटेसारखा खाली आलेला पांढरा घोळदार घागरा. बुटांचा पुढचा भाग आजच्यासारखा टणक नव्हता. मऊ सॅटिनच्या बुटाला टोकाशी आणि कडेला दाट रफू करून त्यावर ती चवड्यांच्या टोकावर उभी राहत असे.

पांढराच रंग का, याचे उत्तर दिव्यांत आहे. पॅरिसच्या ऑपेरात गॅसचे दिवे १८२२ मध्ये आले. तेलाच्या दिव्यापेक्षा गॅसची ज्योत प्रखर, शिवाय तोटी फिरवून ती मंद करता येई. नोव्हेंबर १८३१ मध्ये 'रोबेर ल दियाब्ल' या ऑपेरात कबरींतून उठलेल्या जोगिणींचे नृत्य अशाच चांदण्यासारख्या उजेडात दाखवले गेले. त्या उजेडात तलम सुती कापडाचे एकावर एक थर प्रकाश अर्धा अडवतात, अर्धा आरपार सोडतात. कापडाची कड पुसट होते आणि नर्तिका जमिनीपासून सुटल्यासारखी वाटते. १८४१ मध्ये 'जिझेल'च्या दुसऱ्या अंकात कार्लोटा ग्रीसी याच जातीच्या पोशाखात नाचली, आणि पांढरे घागरे म्हणजेच बॅले हे लोकांच्या मनात पक्के बसले. 'टुटू' हा शब्द मात्र बराच नंतरचा. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. तबकडीसारखा आडवा, मांड्या उघड्या ठेवणारा टुटू तर त्याहून नवा. १८८५ च्या सुमारास व्हर्जिनिया झुक्कीने सेंट पीटर्सबर्गमध्ये घागरा आखूड करून घेतला, तेव्हा त्याची वाट मोकळी झाली. शाळांच्या परीनृत्यांत जो घालतात तो पोटरीपर्यंतचा, म्हणजे ताग्लिओनीच्या घराण्यातला.

हा सगळा दूरदेशचा मामला वाटेल, पण एक धागा गोव्याच्या फार जवळून जातो. पोर्तुगीज इथल्या देवळांतल्या नर्तकींना 'बायलादेयरा' म्हणत. त्या पोर्तुगीज शब्दावरूनच फ्रेंचांनी 'बायादेर' केला, आणि १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला मारियुस पेतिपाने 'ला बायादेर' हे बॅले बसवले. त्याची नायिका निकिया ही देवळातली नर्तकी. जगभरच्या रंगमंचांवर आजही पांढऱ्या जाळीतल्या मुली त्या बॅलेतल्या सावल्या होऊन एकामागून एक उतारावरून खाली येतात. आपल्या कलावंतिणींची नऊवारी तिथे नाही, त्यांचा ताल नाही, पण नाव तेवढे आपल्या मातीतून गेलेले आहे.

आता आगीविषयी. १४ डिसेंबर १८४४ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर या नर्तिकेचा घागरा नृत्य चालू असतानाच दिव्याला लागला आणि तीन दिवसांनी ती गेली. पॅरिसमध्ये कार्तरों नावाच्या गृहस्थांनी कापड क्षारांच्या पाण्यात बुडवून आग रोखण्याची पद्धत काढली होती, आणि १८५९ मध्ये असे कापड वापरण्याचा सरकारी हुकूमही निघाला. पण त्या पाण्याने कापड कडक होई, पिवळट दिसे आणि घोळ निर्जीव पडे. ऑपेरातली नर्तिका एमा लिव्री ही मारी ताग्लिओनीची लाडकी शिष्या. आपण नेहमीच्याच घागऱ्यात नाचणार आणि जे होईल त्याची जबाबदारी आपली, असे तिने ऑपेराच्या संचालकांना लिहून कळवले. १५ नोव्हेंबर १८६२ च्या तालमीत, बसताना घोळ चुरगळू नये म्हणून तिने घागरा वर उचलला आणि तो गॅसच्या ज्योतीवर गेला. ती वीस वर्षांची होती. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ रोजी ती वारली. जळून उरलेल्या पोशाखाच्या चिंध्या पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेल्या आहेत. ताग्लिओनीने तिच्यासाठी १८६० मध्ये बसवलेल्या 'ल पापियों'मध्ये मशालीने पंख होरपळलेल्या फुलपाखराचीच भूमिका तिच्याकडे होती. हे वाचताना आजही हात थरथरतो.

जाळी इतक्या झपाट्याने का पेटते, तर तिच्या प्रत्येक धाग्याला चारी बाजूंनी हवा मिळते. त्यात पाच थर एकाखाली एक असले की मधल्या पोकळीतून ज्वाळा धुराड्यासारखी वर चढते. सुती जाळी भडकून जळते. आज बाजारात मिळणारी नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची जाळी आधी आकसते, वितळते आणि तापलेल्या थेंबांनी कातडीला चिकटते. म्हणून 'ही सुती नाही, हिला भीती नाही' असे दुकानदार म्हणाला तर मानू नये. कोणती जाळी हाती आली हे पाहायचे असेल तर मोठ्या माणसाने, अंगणात, पाण्याच्या बादलीवर, चिमट्यात बोटभर तुकडा धरून पेटवून पाहावा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. कडक काळसर मणी उरला तर कृत्रिम. टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात कापड बुडवण्याचा जुना उपाय सुती कापडालाच लागू पडतो आणि पहिल्याच धुण्यात निघून जातो. नायलॉनच्या घागऱ्यावर त्याचा भरवसा धरणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

शिवणीबद्दलही लिहायला हवे, कारण बेढब घागरा अंगापासून नको तितका बाहेर उभा राहतो आणि धोका तिथूनच वाढतो. सर्रास होणारी चूक म्हणजे जाळी थेट कमरेच्या इलॅस्टिकवर चुण्या घालून बसवणे. पाच थरांच्या चुण्या कमरेवर आल्या की तिथे उशी बांधल्यासारखे दिसते, आणि दुसऱ्या गिरकीला इलॅस्टिक खाली सरकते. खरी पद्धत पट्टीची. कमरेपासून नितंबापर्यंत चार इंच रुंदीची, अंगाबरोबर बसणारी सुती पट्टी शिवायची आणि थर तिच्या खालच्या कडेला जोडायचे. सर्वांत वरचा थर अगदी कडेला, बाकीचे त्याखाली पाव-पाव इंच सरकवून, म्हणजे शिवण एकाच रेषेत जाड होत नाही.

हिशेब असा. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा नितंबाचा घेर २८ इंच धरू. घोळ चौपट हवा, म्हणजे ११२ इंच. ५६ इंच पन्ह्याच्या जाळीचे दोन तुकडे जोडले की तेवढे होतात. कमरेपासून पोटरीच्या मध्यापर्यंत २४ इंच, त्यातून पट्टीचे ४ वजा. थराची लांबी २० इंच. एका थराला ४० इंच, पाच थरांना २०० इंच, म्हणजे पाच मीटर आणि थोडे वर. कापणीची तूट धरून साडेपाच मीटर घ्यावेत. वरचे चार थर मऊ जाळीचे, सर्वांत आतला एकच जरा कडक. दुकानात नुसते 'कॅनकॅन' मागितले की सगळीच कडक जाळी हातात पडते, आणि पाचही थर तिचे केले की घंटेऐवजी उघडलेली छत्री तयार होते. आतले थर वरच्यापेक्षा अर्धा इंच आखूड ठेवावेत. खालची कड दुमडायची नाही. जाळीचे धागे सुटत नाहीत, आणि दुमडलेल्या कडेची रेघ उजेडात लगेच उठून दिसते. थर एकमेकांत अडकू नयेत म्हणून अधूनमधून लांब, सैल टाक्यांनी ते जोडतात. टाका इंचभर तरी सैल हवा. ओढून घातला तर तिथे खळगा पडतो आणि सगळा घागरा चुरगळल्यासारखा दिसतो.

मागे चेन लावू नये. ऐन वेळी तिचा दात मोडला की हाती काही उरत नाही. हूक आणि अडकवण्याच्या दोऱ्याच्या फाशांच्या दोन रांगा ठेवल्या की पुढच्या वर्षी मुलगी वाढली तरी तोच घागरा चालतो. आपल्या दमट हवेत लोखंडी हुकांना गंज चढतो आणि त्याचे डाग पांढऱ्यावरून जात नाहीत. पितळी किंवा मुलामा दिलेले घ्यावेत. रंगाचेही एक सांगतो. चुन्यासारखी पांढरीशुभ्र जाळी निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांत डोळ्यांवर येते, चेहरा तिच्यापुढे काळवंडतो. किंचित दुधाळ छटा बरी. जाळी नायलॉनची असेल तर कोऱ्या चहाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की ती छटा येते. पॉलिएस्टर चहा धरत नाही. इस्त्री जाळीला टेकवायची नाही, वाफ लांबूनच द्यायची. खळ तर मुळीच घालू नये: इथल्या पावसाळ्यात खळीचे कापड आधी लुळे पडते, मग बुरशी धरते, आणि खळीच्या वासावर कसर येते. घागरा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबण्यापेक्षा उलटा करून, जुन्या धुतलेल्या सुती चादरीत सैल गुंडाळून ठेवावा, आणि चतुर्थीनंतर ऊन पडले की एक दिवस सावलीत वाऱ्यावर टांगावा.

राहिली समई. पेटवलेला दिवा मालवणे कोणाला रुचणार नाही, आणि तशी गरजही नाही. उद्घाटन आटोपले की जाळीच्या पोशाखातला पहिला कार्यक्रम सुरू होण्याआधी ती रंगमंचावरून उतरवून प्रेक्षागृहात एका बाजूला, चौरंगावर, एखाद्या मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवावी. जागाच नसेल तर विंगेपासून आणि नाचाच्या रेषेपासून निदान ६ फूट दूर. गिरकीत हा घागरा चहूबाजूंनी दोन-दोन फूट पसरतो, त्यात हात आणि एक चुकलेले पाऊल धरावे लागते. परीच्या हातात पेटती पणती देणारी नृत्ये कृपया बसवू नयेत. सेलवर चालणाऱ्या पणत्या मिळतात. जमिनीवर ठेवलेले भाड्याचे हॅलोजन दिवेही तेवढेच घातकी. त्यांच्या काचेला टेकलेली जाळी ज्योतीशिवायही वितळते. जाळीखाली मुलीला सुती चड्डी आणि सुती अस्तर घालावे, अंगाला चिकटणारे नायलॉनचे मोजे टाळता आले तर टाळावेत.

विंगेत पाण्याने भरलेल्या दोन बादल्या आणि दोन जाड सुती चादरी किंवा लोकरी घोंगड्या हाताशी हव्यात. कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट नको. घागरा पेटलाच तर मूल घाबरून पळते आणि पळण्याने ज्वाळा वाढते. त्याला अडवून जमिनीवर आडवे करावे, घोंगडी मानेकडून पायांकडे टाकून दाबावी, म्हणजे ज्वाळा चेहऱ्याकडे येत नाही. मग भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे गार पाणी ओतत राहावे. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको. कातडीला चिकटलेली जाळी ओढून काढू नये, भोवतालचा सुटा भाग कात्रीने कापावा आणि चिकटलेला तसाच ठेवून दवाखाना गाठावा. ती कात्री आणि ते काम कोणाकडे, हे रंगीत तालमीच्या दिवशीच ठरवून ठेवावे.

आपले,
नाटकांचे व नृत्याचे पोशाख शिवणारे काही कारागीर
फोंडा, गोवा