स्मृतिनिधी जूनमध्ये हवा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जून महिना लागला की आपल्या दैनिकाच्या सातारा पानावर दररोज निदान एक तरी छायाचित्र असते: कोणाच्या तरी स्मरणार्थ वह्यांचे वाटप, मागे दिवंगतांचा फलक, पुढे मुलांची रांग, आणि वहीचे एक टोक मुलाच्या हातात तर दुसरे पाहुण्यांच्या. त्या छायाचित्रांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही, कारण अशा दोन छायाचित्रांत मी स्वतःही उभा आहे. माण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षे लिपिक होतो आणि आमच्या कुटुंबाने थोरल्या बहिणीच्या स्मरणार्थ काढलेल्या छोट्या न्यासाचा हिशेब २०१५ पासून मीच ठेवतो. गेलेल्या माणसाच्या नावाने गरजू मुलांच्या शिक्षणाला मदत करू इच्छिणारी कुटुंबे सातारा-सांगलीकडे पुष्कळ आहेत. त्यांचा पैसा योग्य मुलापर्यंत योग्य वेळी का पोचत नाही, याविषयी दोन्ही कामांतून जे दिसले ते मांडावे, एवढ्यासाठी हे पत्र.

शाळेत असताना माझ्याकडे ‘ठेव बक्षिसांचे रजिस्टर’ होते. जुन्या शाळांच्या कपाटात ते आजही सापडेल. ठेवीदाराचे नाव, कोणाच्या स्मरणार्थ, रक्कम, बँकेच्या पावतीचा क्रमांक आणि बक्षीस कोणाला द्यावयाचे याची अट, असे त्याचे रकाने असत. कोणी वडिलांच्या नावे ५०१ रुपये ठेवलेले, कोणी पत्नीच्या नावे १,००१. ठेवताना ती रक्कम मोठीच होती, पुष्कळांनी ती पोटाला चिमटा काढून ठेवली होती, याबद्दल शंका नाही. पण १,००१ रुपयांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ६५ रुपये व्याज होते, आणि त्या ६५ रुपयांच्या बक्षिसासाठी आम्ही छापत असलेले प्रमाणपत्र, त्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण आणि गुलाबाचे फूल यांचाच खर्च त्याहून अधिक होई. एका ठेवीची अट ‘दहावीत संस्कृतात प्रथम येणाऱ्यास’ अशी होती. शाळेत संस्कृत घेणारे विद्यार्थी संपले तरी ठेव चालूच राहिली आणि तिचे व्याज वर्षानुवर्षे पडून राहिले. ठेवीदार हयात नव्हते, त्यांची मुले मुंबईला, आणि अट बदलण्याचा अधिकार कोणाला, हे कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. प्रत्येक स्नेहसंमेलनात मात्र ती नावे ध्वनिवर्धकावरून वाचली जात.

त्यामुळे बहिणीच्या पश्चात आम्ही भावंडे आणि भाचे मंडळी एकत्र बसलो, तेव्हा ठेव बक्षीस ठेवायचे नाही, एवढे मी पहिल्याच बैठकीत ठामपणे सांगितले. आक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या ग्रॅच्युइटीची आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, तिच्या मुलांनी घातलेली भर, असे मिळून १२ लाख रुपये जमले. सार्वजनिक न्यास नोंदवला आणि मोठ्या उमेदीने काम सुरू केले. तरीही पहिली दोन वर्षे आम्ही जे केले ते ठेव बक्षिसाचेच मोठे रूप होते, हे आज कबूल केले पाहिजे. आक्काची पुण्यतिथी सप्टेंबरात येते. त्या दिवशी गावातल्या मंदिराच्या सभामंडपात कार्यक्रम, पाच-सहा गुणवंतांना धनादेश, पाहुण्यांची भाषणे आणि शेवटी चहा-पोहे, असे सगळे यथासांग होई.

२०१७ साली त्यांत एक मेंढपाळाची मुलगी होती. बारावीला तिला चांगले गुण मिळाले होते आणि कराडला औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला प्रवेशही मिळाला होता. शिष्यवृत्तीमुळे शुल्काची चिंता नव्हती, परंतु वसतिगृहाची अनामत, खानावळीचे आगाऊ पैसे, पांढरा कोट, पुस्तके आणि जाण्यायेण्याचे भाडे हे सगळे जुलै संपायच्या आत हवे होते. आम्ही तिला सप्टेंबरात ८,००० रुपयांचा धनादेश दिला. तिचे बँक खाते शाळेत असताना काढलेले, अल्पवयीन मुलीचे. ती अठरा वर्षांची झाल्यामुळे बँकेला नवी सही, नवे छायाचित्र आणि नवी कागदपत्रे हवी होती. शाखा म्हसवडला, मुलगी कराडला. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली तेव्हा कुठे खाते सुरू होऊन धनादेश वटला. तोवर वडिलांनी चार मेंढ्या विकून जुलैचा खर्च भागवलेलाच होता. मी चौकशीला गेलो तेव्हा ते गृहस्थ कसलीही तक्रार न करता एवढेच म्हणाले, “पैसं आलं, बरं झालं. पर मेंढरं गेली ती गेलीच.” सभामंडपात धनादेश घेतानाचे तिचे छायाचित्र आमच्या फायलीत आहे आणि न्यासाचा हिशेब काढताना ते मी मुद्दाम पाहतो.

त्या वर्षापासून पुण्यतिथीचा आणि मदतीचा संबंध आम्ही तोडून टाकला. पुण्यतिथीला घरचे लोक जमून आक्काच्या फोटोला हार घालतात आणि जेवून जातात. मदतीचे अर्ज मात्र बारावीचा निकाल लागताच घेतले जातात, पहिली रक्कम प्रवेशाच्या आठवड्यात जाते, आणि पुढे दरमहा ठरलेली रक्कम अभ्यासक्रम संपेपर्यंत जाते. खाते चालू आहे की नाही, हे मे महिन्यातच पाहून ठेवतो.

यावर कोणी म्हणेल की सरकारच्या एवढ्या योजना असताना कुटुंबाच्या चार पैशांची गरज काय. योजना आहेत, आणि त्या उपयोगीही आहेत. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा प्रवास मोफत आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणासाठी स्वाधार योजना आहे, आणि २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. पण शुल्क माफ झाले म्हणून खानावळ माफ होत नाही, आणि निर्वाह भत्ता महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, छाननी, त्रुटी, पुन्हा अर्ज असे करत खात्यावर येईपर्यंत वर्षाचा बराच भाग सरलेला असतो. उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, आधारशी जोडलेले खाते, यांतला एक कागद मागेपुढे झाला तरी मूल अडते. सरकारी पैसा येईपर्यंतचे हे चार-सहा महिने आणि योजनेत न बसणारा खर्च, नेमकी हीच जागा छोट्या कौटुंबिक निधीची आहे. सहा वह्या मिळालेल्या मुलाला आणखी एक वही देण्यापेक्षा ती जागा भरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे शहाणपण काही माझे नाही. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह चालवले, तेव्हा त्या मुलांच्या जेवणाची अडचण आल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ते सोने धान्यासाठी गेले, बक्षिसाच्या ढालींसाठी गेले नाही. दुसरे उदाहरणही साताऱ्याशी जोडलेले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेच्या पटावर चढले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, आणि ती दरमहा. मदतीची बांधणी कशी असावी हे त्यात आले. त्याच शिष्यवृत्तीला बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याची अट होती, आणि १९१७ साली बाबासाहेब तिथे नोकरीस गेले तेव्हा राहायला जागाही मिळू नये अशी वागणूक त्यांच्या वाट्याला आली, हेही विसरता कामा नये. देणाऱ्याने अट घालताना ती पाळणाऱ्याला कुठे नेऊन सोडेल, याचा विचार करावा. आमच्या न्यासाची आता एकच अट आहे: दरवर्षी गुणपत्रक दाखवावे. नापास झाल्यास मदत थांबत नाही, फक्त समोर बसून बोलणे होते.

पैशांच्या बाजूबद्दलही लिहिले पाहिजे, कारण चांगले निधी बहुधा तिथेच बुडतात. आपल्याकडे पतसंस्थेत दीड-दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून स्मृतिनिधी तिथे ठेवण्याची पद्धत आहे. बँकेतील ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. शिवाय नोंदणीकृत न्यासाने पैसा कुठे गुंतवावा, हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ३५व्या कलमाने ठरवून दिलेले आहे. तेव्हा ओळखीच्या चेअरमनच्या शब्दावर आईवडिलांच्या नावाचा पैसा ठेवू नये. आम्ही १२ लाख बँकेत ठेवले. सात टक्क्यांनी वर्षाला ८४,००० मिळतील असे धरून मुले निवडली आणि २०२०-२१मध्ये व्याज साडेपाच टक्क्यांवर आल्यावर तेच ६६,००० झाले. मुलांना दरमहाचा शब्द दिलेला होता. भाच्यांनी खिशातून भर घातली म्हणून तो पाळता आला. त्यानंतर व्याजातून जेवढी मुले बसतात त्याहून एक कमीच घ्यायचे, असे ठरवले. प्राप्तिकरातील सूट टिकवायची तर न्यासाला उत्पन्नाचा ८५ टक्के भाग कामावर खर्च करावा लागतो. उरलेला १५ टक्क्यांपर्यंतचा भाग आम्ही मुद्दलात टाकतो, एरवी पंचवीस वर्षांनी आमच्याही निधीचे ६५ रुपये होतील.

न्यास नोंदवलाच पाहिजे असेही नाही. दरवर्षीचे लेखापरीक्षण, विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात करावा लागणारा बदल अर्ज, देणगीदारांच्या करसवलतीची कागदपत्रे, हे सगळे करायला घरात कोणी चिवट माणूस नसेल तर एखाद्या विश्वासाच्या वसतिगृहाकडे एका मुलाचा पूर्ण अभ्यासक्रमाचा खानावळीचा खर्च थेट भरावा. नोंदणी केलीच, तर आपल्यानंतर कोण पाहील आणि अट कालबाह्य झाली तर ती कोण बदलील, या दोन गोष्टी आधी लिहून ठेवाव्यात. आमच्या न्यासात कुटुंबाबाहेरच्या दोन विश्वस्तांची तरतूद आहे. त्यांपैकी एका जागेवर गेल्या वर्षी ती मेंढपाळाची मुलगी आली. ती आता नोकरी करते, आणि अर्जदारांची खाती मे महिन्यात तपासण्याचे काम तिने स्वतःहून मागून घेतले आहे. चूक आमची होती, दुरुस्तीची काळजी तिला अधिक.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. वह्यावाटपाच्या छायाचित्रांना जूनमध्ये जेवढी जागा मिळते, त्यातली निम्मी जागा मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात द्यावी, आणि सातारा व सांगली जिल्ह्यांत कोणते स्मृतिनिधी अर्ज घेतात, कोणत्या मुलांसाठी, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणती कागदपत्रे लागतात, याची यादी तालुकावार छापावी. जत, आटपाडी, माण, खटाव, पाटणच्या वाड्यावस्त्यांवर अंक उशिरा पोचतो, तेव्हा ती एकदाच न छापता निदान तीनदा छापावी.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त शालेय लिपिक,
ता. माण, जि. सातारा